जड चेंडू

रविवारी दुपारी चारला क्लबच्या हॉलमध्ये आठवणसभा, आणि सकाळचे दहा वाजले तरी घरात ठरत नव्हतं की आपल्याकडून बोलायचं कुणी.

तसं पाहिलं तर बोलायचं फार नसतंच. हंगामाच्या शेवटच्या रविवारी क्लब त्या वर्षी गेलेल्या आपल्या माणसांची नावं वाचतो, आणि प्रत्येक नावाला त्याच्या घरातल्या एकाने उठून एकच गोष्ट सांगायची, अशी रीत आहे. अट इतकीच, की ती गोष्ट पेपरात कधी आलेली नसावी. गोल, ढाली, फोटो सगळं भिंतीवर आहे, भिंतीवर नाही ते सांगा, असं म्हणतात. या वर्षी तीन नावं होती. चाळीस वर्षं रेडिओवरून मॅच सांगणारे समालोचक, ज्यांच्या शिट्टीपुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची ते पंच, आणि कप्तान.

कप्तान अख्ख्या देशाचा असला तरी अण्णांचा तो धाकटा भाऊच होता. मैदानावर लोक त्याला घण म्हणत. कोपऱ्यावरून चेंडू यायला लागला की सगळी गॅलरी पाय आपटायची, घण, घण, घण! उंची बेताची, पण हवेत असा उठायचा की कुणी काखेत हात घालून उचललंय असं वाटावं, आणि कपाळावर चेंडू बसल्याचा आवाज शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसाला ऐकू जायचा. एकशे अकरा गोल, त्यातले चौसष्ट डोक्याने! आणि त्याच डोक्याने शेवटची नऊ वर्षं त्याच्याशी वैर धरलं. आधी किल्ल्या हरवल्या, मग रस्ते, मग मुलांची नावं. दोन महिन्यांपूर्वी तो गेला तेव्हा आपण कोण होतो हे जगाला ठाऊक होतं आणि त्याला एकट्याला नव्हतं.

गुरुवारी त्याच्या मेंदूच्या तपासणीचा कागद आला होता. तो जेवणाच्या टेबलावर मीठदाणीखाली पडला होता आणि त्याच्याभोवती चौघं बसली होती.

"मी बोलणार," नर्स म्हणाली. ही कप्तानाची थोरली. इस्पितळात बावीस वर्षं काढलेली, आवाज न चढवता भांडणारी. "हा कागद वाचणार. चारच ओळी आहेत. डोक्याला वर्षानुवर्षं लहान लहान धक्के बसून होणारा आजार. म्हातारपण नव्हे, नशीब नव्हे. हे पेपरात आलेलं नाही, म्हणजे अटीतही बसतं."

"वा गं वा!" तिचा धाकटा भाऊ उसळला. तो त्याच क्लबात मुलांना शिकवतो, म्हणून घरातही त्याला सगळे कोचच म्हणतात. "लोक बाबांची आठवण काढायला येणार आणि तू त्यांना डॉक्टरी कागद वाचून दाखवणार. उद्यापासून काय म्हणतील ठाऊक आहे? घण खेळून खेळून वेडा झाला."

"वेडा नाही. आजारी."

"तुझ्या इस्पितळात आजारी. रस्त्यावर वेडाच. आणि माझ्याकडे दीडशे पोरं आहेत, ताई. सोमवारी सकाळी त्यांच्या आया दारात उभ्या राहतील."

"राहू देत की. चार प्रश्न विचारतील. विचारायलाच हवेत."

"तेव्हाचे चेंडू पाणी पिऊन दगड व्हायचे. आताचे हलके असतात."

"हलके असतात, पण येतात कसे सुसाट! डोकं तेच आहे ना? का तेही नवीन निघालंय?"

कप्तानाच्या बायको, माई, मधे पडल्या नाहीत. त्या वाटाणे सोलत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी दोन मुलांची भांडणं वाटाण्यावर, लोकरीवर, धुण्यावर नजर ठेवून ऐकली होती, आणि कधी बोलायचं हे त्यांना बरोब्बर कळायचं.

"आणि एक विसरू नकोस," नर्स भावाला म्हणाली. "तपासणीच्या कागदावर बाबांनी स्वतः सही केली होती. तेव्हा सही जमत होती. काय म्हणाले होते आठवतंय? आयुष्यभर हे डोकं लोकांच्या कामी आलं, मेल्यावरही येऊ दे."

  पण कोच हार मानेल तर तो त्या बापाचा मुलगा कसला! त्याने खुर्ची अण्णांकडे वळवली.

"अण्णा, तुम्हीच सांगा. पेपरात न आलेली गोष्ट या घरात एकच आहे. जड चेंडू. आज तो बाहेर काढू या. क्लबचे सेक्रेटरी काचेची पेटी घेऊन तयार आहेत. बाबांच्या चौसष्ट गोलांमागे काय होतं ते कळू दे ना जगाला."

अण्णांचा हात चहाच्या कपावरच राहिला. अण्णा म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांचा चेंडू शिवणारा. मैदानामागच्या गल्लीत, घराच्या मागच्या खोलीत, गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून त्यांनी उभं आयुष्य कातडं शिवलं. मेण लावलेला दोरा, दोन सुया, एक आरी. 'माझा टाका माझ्याआधी उसवणार नाही,' असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि ते खरंच होतं. जड चेंडू हा त्यांच्या हातचा सगळ्यात पक्का.

त्याचं असं झालं होतं. कप्तान एकोणीस वर्षांचा असताना त्याला टीममधून काढलं. पाय सोन्याचे, पण डोक्याने मारलं की चेंडू बिचकून भलतीकडेच जायचा. तो आला आणि मागच्या खोलीत कातड्याच्या ढिगावर बसून ढसाढसा रडला. अण्णांनी चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. दुहेरी कातडं, आत जाड कॅनव्हासची तीन अस्तरं. चेंडू तयार झाला तेव्हा वजन नेहमीच्या जवळजवळ दुप्पट भरलं. 'हा मारायला शिकलास,' अण्णा म्हणाले होते, 'तर मॅचचा चेंडू तुला कापसासारखा लागेल.' आणि लागला! त्यानंतर चौदा वर्षं, रोज संध्याकाळी मागच्या अंगणात, मोजून शंभर. बाहेर कुणाला सांगायचं नाही, नाहीतर समोरची टीमही असाच शिवून घेईल. ते गुपित पन्नास वर्षं घरातच राहिलं.

परवापर्यंत ही गोष्ट मनातल्या मनात आठवली तरी अण्णांची छाती फुगायची. गुरुवारी नर्सने तो कागद मोठ्याने वाचला आणि तेव्हापासून ते मनात आकडेच मांडत होते. लहान लहान धक्के. वर्षानुवर्षं. त्यांचा हिशेब झाला होता, पण तो कुणाला सांगायची हिंमत होत नव्हती. सांगायचं तरी काय? की तुमच्या बापाला मीच मारलं?

"अण्णा माझ्या बाजूने आहेत," नर्स म्हणाली. "कागद आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलंय."

"हट्! अण्णा चेंडूच्या बाजूने आहेत," कोच म्हणाला. "चेंडू त्यांनीच शिवलाय."

"भाऊजी बोलतील," माई म्हणाल्या आणि वाटाण्याचं भांडं बाजूला सारलं. "वाद पुरे. त्यांच्यासमोर तो चालायला शिकला. काय सांगायचं ते तेच ठरवतील."

दोन्ही मुलांनी एकदम माना डोलावल्या. अण्णा आपलंच म्हणणं मांडणार याची दोघांनाही पक्की खात्री होती. अण्णांना मात्र धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं असं झालं होतं. "चेंडू घेऊन येतो," एवढं म्हणून ते उठले.

मागच्या खोलीत आता काम चालत नव्हतं, पण वास तोच होता, कातड्याचा आणि मेणाचा. वरच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळून, जड चेंडू असायचा. अण्णांनी स्टूल ओढलं, फळीवर हात फिरवला. चादर होती. चेंडू नव्हता.

"काय शोधताय?" दारात माई होत्या. त्या मागोमाग आल्या होत्या.

अण्णा स्टुलावर बसले. एकदा बसल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"माई, तो चेंडू मी शिवला."

"मग? मला ठाऊक नाही होय?"

"तसं नव्हे. रोज शंभर. चौदा वर्षं. लेकीने कागद वाचला तेव्हापासून मी तेच मोजतोय. पाच लाखांच्या वर जातात, माई. मॅचमध्ये कुणी त्याला इतकं मारलं नसेल. मी मारलं. ज्या भावाला खांद्यावर घेऊन फिरलो त्यालाच."

माई आत आल्या, समोरच्या कातड्याच्या गठ्ठ्यावर टेकल्या. 

"तुम्ही एकदाच शिवलात," त्या म्हणाल्या. "फेकत कोण होतं? तो अंगणात उभा राहायचा आणि मी इथून, या पायरीवरून, त्याच्या कपाळावर चेंडू टाकायची. नवी नवरी होते तेव्हापासून. पोटात लेक होती तेव्हासुद्धा. तो म्हणायचा, तुझ्याइतका नेमका कुणी टाकत नाही, आणि मला कोण अभिमान! मॅचमध्ये गोल झाला की मी मनात म्हणायची, हा माझा." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मोजायचं तर माझेही मोजा, भाऊजी. एकट्याने घेऊ नका."

अण्णांनी पन्नास वर्षांत माईंना रडताना दोनदाच पाहिलं होतं.  ते स्टुलावरून उठले, आणि तेवढ्यात अंगणातून तो आवाज आला.

थप्.

मग थोडं थांबून, थप्.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा आवाज त्यांनी चौदा वर्षं ऐकला होता, झोपेतसुद्धा ओळखला असता. पण तो आवाज करणारा दोन महिन्यांपूर्वी गेला होता. अण्णांनी मागचं दार उघडलं.

अंगणात चिंगी होती. कोचची लेक, बारा वर्षांची, वेण्या वर बांधलेली. भिंतीवर दोन्ही हातांनी चेंडू आपटायचा, परतला की पुढे होऊन कपाळाने मारायचा. ओठ हलत होते. "सत्तावन्न," ती म्हणाली, आणि थप्. "अठ्ठावन्न."

"चिंगे!" माई ओरडल्या.

चेंडू तिच्या पायाशी पडला. पडला तो धप्पकन, जेमतेम उसळला. चिंगीने वळून पाहिलं. कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल डाग होता.

"आजोबा शंभर मारायचे ना?" ती धापा टाकत म्हणाली. "मी साठपर्यंत आलेय. पहिल्या दिवशी नऊच जमले होते. अण्णाआजोबा, बाबांना सांगू नका हां, मला त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"किती दिवस?" अण्णांनी विचारलं. 

"आज एकविसावा. रोज घरी कुणी नसताना मारते."

"डोकं दुखत नाही?"

"दुखतं. पण बाबा सांगतात ना, आजोबा म्हणायचे, दुखतं पण सवय होते." तिने चेंडू उचलून पुढे केला. "आज तो काचेत जाणार ना? म्हणून म्हटलं, शेवटचे साठ मारून घेते."

अण्णांनी चेंडू घेतला. हातांना वजन ओळखीचं होतं. पुढे होऊन या पोरीला पोटाशी धरावं आणि सगळं सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच, "जा, तोंड धू. आणि आत्याला कपाळ दाखव." ती पळाली. अण्णा परत मागच्या खोलीत गेले. आरी आणि कातडं कापायची छोटी सुरी कोटाच्या खिशात घातली. पुढे काय करणार ते अजून त्यांचं त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पण आता गप्प बसून भागणार नाही, एवढं पक्कं झालं होतं.

हॉल खचाखच भरला होता. पुढच्या रांगांत जुने खेळाडू, काठ्या गुडघ्यांना टेकवून. मागे आताची पोरं, त्यांचे आईबाप. स्टेजवर एक टेबल, आणि त्यावर रिकामी काचेची पेटी. सेक्रेटरींनी ती इतकी पुसली होती की त्यांचंच टक्कल तिच्यात दिसत होतं.

पहिलं नाव समालोचकांचं. त्यांच्या बायको उठल्या. लहानखुऱ्या, करड्या बाई. "ते रेडिओवर नव्वद मिनिटं न थांबता बोलायचे," त्या म्हणाल्या. "घरी मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे." हॉल खो खो हसला. बाई हसण्याची लाट ओसरेपर्यंत थांबल्या. "मी रेडिओ लावून बसायची. मॅच कळायची नाही मला. पण मला वाटायचं, हे माझ्याशी बोलतायत." आणि त्या खाली बसल्या. पुढच्या रांगेतल्या कितीतरी म्हाताऱ्यांना एकदम नाक पुसावं लागलं.

मग पंचांचा मुलगा. त्याने सांगितलं की ज्या माणसाने भर स्टेडियममध्ये मंत्र्याच्या जावयाला लाल कार्ड दाखवलं तो घरी पत्ते खेळताना धडधडीत लबाडी करायचा. "पकडले गेले की म्हणायचे, अरे, आठवडाभर खरं वागतो, एक दिवस तरी सुट्टी द्या." या वेळी टाळ्याही पडल्या.

"आणि आता," सेक्रेटरी म्हणाले, पण त्यांना नाव घ्यावंच लागलं नाही. पुढच्या रांगेतून एका काठीने फरशीवर ठोका दिला. मग दुसऱ्या. मग सगळ्यांचे पाय. घण. घण. घण. ज्या पोरांनी त्याला खेळताना पाहिलंच नव्हतं तीही पाय आपटत होती.  काय माणूस होता! त्यांना वाटलं, हे ऐकायला तो हवा होता.

ते उठले. काखेत चेंडू होता.

"मी त्याचा मोठा भाऊ. चेंडू शिवतो," अण्णा म्हणाले. "मला भाषण येत नाही. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण माझ्याहून मोठाच. हरलेल्या टीमच्या खोलीत जाऊन त्यांच्या गोलकीपरला पाणी देणारा कप्तान मी दुसरा पाहिला नाही. मोठी मॅच जिंकून आला तरी दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत बसून दोऱ्याला मेण लावून द्यायचा. म्हणायचा, दादा, गोल तुझाच, मी फक्त पोचवतो."

मग त्यांनी जड चेंडूची गोष्ट सांगितली. काढून टाकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, चार दिवस, तीन अस्तरं, रोज शंभर. सांगता सांगता चेंडू पहिल्या रांगेत फिरला. जुने खेळाडू तो हातात तोलत आणि 'बाप रे!' म्हणत पुढे देत. चेंडू स्टेजवर परत आला तेव्हा टाळ्यांनी छत उडायची वेळ आली होती. कोचचा चेहरा फुलला होता. त्याच्या शेजारी चिंगी उभी राहून टाळ्या पिटत होती, कपाळावर केस ओढून घेतलेले. नर्स मान खाली घालून बसली होती. पुतण्याने काकाला जिंकलं असंच तिला वाटलं असणार.

सेक्रेटरींनी पेटीचं झाकण उघडलं.

"थांबा," अण्णा म्हणाले. "गोष्ट संपली नाही अजून."

ते खुर्चीवर बसले. चेंडू गुडघ्यांत धरला, आयुष्यभर धरला तसाच, आणि खिशातून सुरी काढली.

"अण्णा! काय करताय?" कोच ओरडला.

अण्णांनी वर पाहिलं नाही. आधी वरची वादी कापली, मग आरीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. टाका हटेना. कसा हटणार, त्यांचाच होता तो! एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा आपल्याच विशीतल्या हातांशी झुंजत होता. पहिला टाका तुटायला मिनिट लागलं. दुसऱ्याला तेवढंच.  एक अख्खी शिवण उसवली तेव्हा त्यांनी आत हात घातला आणि एकेक बाहेर काढून टेबलावर ठेवलं. रबराचा फुगा. एक अस्तर. दुसरं. तिसरं. मग आतल्या कातड्याचा एक तुकडा, तळव्याएवढा, जाडजूड.

"हे सगळं मी माझ्या भावाच्या डोक्यावर मारलं," अण्णा म्हणाले. "प्रेमाने मारलं. रोज शंभर वेळा, चौदा वर्षं. त्याचं डोकं डॉक्टरांनी उघडून पाहिलं. त्याचीच तशी इच्छा होती. मी म्हटलं, त्याने डोकं उघडू दिलं, मला निदान चेंडू तरी उघडता यावा. आत काय निघालं ते आता माझी पुतणी वाचेल. ये गं."

नर्स स्टेजवर आली ती रडतच. पण वाचताना तिचा आवाज स्थिर होता. चार ओळी वाचून तिने कागदाची घडी घातली.

"एक मात्र सांगते," ती म्हणाली. "हे एका चेंडूने होत नाही. मॅच, सराव, टकरी, सगळं मिळून होतं. कशाने किती झालं ते कुणीच सांगू शकत नाही. माझ्या काकांनी मारलं नाही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, एवढाच फरक आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग पहिल्या रांगेतून एक जण काठीवर जोर देऊन उठला. कप्तानाच्या टीमचा बॅक, भिंत म्हणायचे त्याला.

"मीसुद्धा," तो म्हणाला आणि अडखळला. "गेल्या महिन्यात इथून घरी जाताना मी रस्ता चुकलो. चाळीस वर्षांचा रस्ता. बायकोला सांगितलं नाही. लाज वाटली. आज सांगतो."

"मला ठाऊक होतं हो," शेजारून त्याची बायको म्हणाली. तिने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं आणि हात सोडला नाही.

अण्णांनी कोचकडे पाहिलं. आता हा चिडणार, उठून जाणार, जन्मभर बोलणार नाही, याची त्यांनी तयारी केली होती. पण कोच स्टेजकडे बघतच नव्हता. तो लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत होता. केसांखालचा लाल डाग त्याने अंगठ्याने हळूच चाचपला.

"हे कशाने?" त्याने विचारलं.

चिंगीने टेबलावरच्या अस्तरांकडे बोट दाखवलं. "साठ," ती पुटपुटली. "तुम्हाला दाखवणार होते."

एवढा आडदांड गडी, पण त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं. मग कुणाला काही कळायच्या आत उठला, पोरीचा हात धरून स्टेजवर आला आणि तिला बहिणीपुढे उभं केलं. "ताई, हिला आधी तपास," तो म्हणाला. आणि मग हॉलकडे वळून, घसा खाकरून, "सोमवारपासून लहान मुलांच्या सरावात हेडर बंद. मोठ्यांचे मोजून, ताई सांगेल तेवढेच. ज्यांना पोरं घरी न्यायची असतील त्यांनी न्यावीत. माझी पोरगी येणार आहे."

तेव्हा कुठे टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांखालून पुन्हा पाय, घण, घण, घण, मघापेक्षा सावकाश. कोचला भीती होती तसं कप्तानाचं नाव लहान झालं नव्हतं. उलट तो अजूनही कुणाच्या तरी कामी येत होता.

सेक्रेटरी बिचारे झाकण धरून तसेच उभे. "पेटीत काय ठेवू मग?"

"अस्तरं ठेवा," माई खालून म्हणाल्या. "तिन्ही. कातडं घरी न्या, भाऊजी."

डॉक्टरांनी चिंगीला तपासलं. तीन आठवडे डोकं सांभाळायचं, खेळ बंद, असं सांगितलं. ते तीन आठवडे अण्णा मागच्या खोलीत होते. सुईत दोरा ओवायला आता नर्स लागायची, आणि दोऱ्याला मेण लावायला कोच. बाप लावायचा तसं जमतंय का, हे तो सारखं विचारायचा. त्याच जुन्या कातड्याचा, एकेरी, बिनअस्तराचा चेंडू झाला. इतका हलका, की अण्णांना हातात धरल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

चौथ्या रविवारी संध्याकाळी चिंगी अंगणात उभी राहिली. माई पायरीवर आल्या. त्यांनी चेंडू दोन्ही हातांत घेतला, सवयीने कपाळाच्या उंचीला नेला, आणि थांबल्या. मग खाली वाकल्या, गुडघे दुखत असतानाही पुरत्या वाकल्या, आणि तो जमिनीवरून हळूच पोरीच्या पायाकडे ढकलला.

चिंगीने तो अडवला, भिंतीवर मारला, परत घेतला. "अण्णाआजोबा," ती ओरडली, "आता किती मारायचे?"

"मोजू नकोस," अण्णा म्हणाले. "खेळ."